गोंदियाची बीडी : छप्पर नसलेला कारखाना (थ्रेड)

स्वतःच्या मालकीची एकही टॅक्सी नसताना शहरभर टॅक्सी पुरवणारी कंपनी आपल्याला एकविसाव्या शतकाचे नवल वाटते. परंतु जागा कामगाराची, हात कामगाराचे आणि छाप पेढीची, ही रचना पूर्व विदर्भाच्या खेड्यांत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच रुळली होती.

गोंदिया हे मुळात रेल्वेचे गाव. नागपूरहून छत्तीसगडकडे जाणारा लोहमार्ग १८८० च्या दशकात येथून गेला आणि पुढे नैनपूरमार्गे जबलपूरला जोडणारी नॅरोगेजही येथूनच निघाली. भोवतालच्या जंगलात तेंदूची पाने होती, तर गुजरातच्या चरोतरात तंबाखू पिकत होता. त्या भागातले पटेल व्यापारी मध्य प्रांतात आले आणि रेल्वेने पान व तंबाखू यांची गाठ घालून दिली. छोटाभाई जेठाभाई पटेल यांची पेढी गोंदियाचीच. याच व्यवसायातून पुढे आलेल्या मनोहरभाई पटेलांनी १९५८ मध्ये गोंदिया शिक्षण संस्था स्थापन केली.

आता या धंद्याची खरी गंमत पाहा. बीडीला यंत्र लागत नाही. भिजवलेले पान, कात्री, दोरा आणि मांडीवर सूप एवढे पुरे. म्हणून पेढीने कारखान्याऐवजी सट्टेदार नेमले. सट्टेदार पेढीकडून पाने व तंबाखू उचली, गावातल्या घराघरांत वाटी आणि वळलेल्या बीड्या परत आणून देई. मजुरी हजारावर ठरे. आणखी हजार माणसे हवी असतील तर नवी शेड बांधावी लागत नसे. आणखी काही सट्टेदार पुरत. गिऱ्हाईक ओळखे ते फक्त बंडलावरचे लेबल. ते बंडल कोणत्या ओसरीवर वळले गेले, हे त्याला कळण्याचे कारणच नव्हते.

नियंत्रण नव्हते असे मात्र नाही. ते ‘छाटी’त होते. तपासणीत नापसंत ठरलेल्या बीड्या बाजूला काढल्या जात आणि त्यांची मजुरी बुडे. आजच्या ‘रेटिंग’ची ही थोरली बहीणच म्हणावी.

हा धंदा किती पसरला होता? मध्य प्रांत व वऱ्हाड सरकारने १९४८ मध्ये कायदाच केला, की शेतीच्या हंगामात ठरावीक गावांत बीड्या वळण्यास बंदी घालता येईल. शेतीला मजूर मिळावेत, हा हेतू. (गोंदिया तेव्हा याच प्रांतात, भंडारा जिल्ह्यात होते.) सागर जिल्ह्यातील बंदीविरुद्ध प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९५० मध्ये ती तरतूद रद्द झाली. शेतीत राबूच न शकणारे वृद्ध, अपंग यांनाही ही बंदी लागू होत होती. न्यायालयाला ती अवाजवी वाटली.

खरा पेच पुढे आला : या लोकांचा मालक कोण?

१९५८ च्या ‘चिंतामण राव’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की सट्टेदार हा स्वतंत्र कंत्राटदार आहे. त्याची माणसे पेढीचे कामगार नव्हेत. काम कसे करावे यावर पेढीची देखरेख नाही, ती फक्त तयार माल तपासते, हा त्यामागचा तर्क. आणि कारखाना कायद्याखालची पगारी रजा मिळायची तर पेढीचा कामगार ठरणे आवश्यक होते. माझ्या मते त्या तर्कात छाटीचे वजन पुरेसे मोजले गेले नाही.

संसदेने ही फट १९६६ च्या बीडी व सिगार कामगार कायद्याने बुजवली. घरी बसून बीड्या वळणारी व्यक्तीही कर्मचारी ठरली, कंत्राटदारामागच्या मुख्य मालकावर जबाबदारी आली आणि छाटीच्या तंट्यांनाही दाद मिळाली. मालकांनी या कायद्याला आव्हान दिले; १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला.

२०२१ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयात उबरच्या चालकांचा खटला याच प्रश्नावर लढला गेला. तेथे चालक ‘कामगार’ ठरले. आपल्याकडे २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने ‘गिग कामगार’ हा शब्द कायद्यात आणला खरा, पण त्याची व्याख्याच पारंपरिक मालक–कर्मचारी नात्याबाहेर काम करणारा अशी केली. ओसरीवर बीड्या वळणाऱ्या बाईला १९६६ मध्ये त्या नात्याच्या आत घेतले गेले होते.