शेगडीच्या तारेची कुळकथा

विजेच्या शेगडीत, मातीच्या तबकडीच्या खाचांतून वेटोळी घेत गेलेली जी तार बटण दाबताच लालबुंद होते, तिचे कूळ धुंडाळू लागले असता इंग्लंडातील मँचेस्टरनजीकच्या सॅलफर्ड गावी, बिअर गाळणाऱ्या एका सधन कारखानदाराच्या घरी जावे लागते. विद्युत्प्रवाहाने तार तापते हे तोवर सर्वश्रुत होते. परंतु त्या तापण्याचा चोख हिशेब मांडण्याची असोशी त्या घरच्या जेम्स प्रेस्कॉट ज्यूल या तरुणास लागली. त्याने काचेच्या बारीक नळीवर तार गुंडाळली, वेढे परस्परांस भिडण्याचा संभव दिसला तर मध्ये सुती दोरा घालण्याची तजवीज केली, ती नळी पाण्यात बुडविली, आणि प्रवाहमापकाची सुई व तापमापकाचा पारा न्याहाळीत असा निर्णय काढला की, उष्णता ही तारेच्या रोधाच्या व प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. प्रवाह दुप्पट, तर उष्णता चौपट. १८४० च्या डिसेंबरात रॉयल सोसायटीने या निबंधाचा त्रोटक गोषवारा तेवढा छापून त्याची बोळवण केली. समग्र निबंध १८४१ साली ‘फिलॉसॉफिकल मॅगझिन’ने प्रसिद्ध केला.

नियम असा हाती आला खरा, पण शेगडीला टिकाऊ तारेसाठी त्यानंतरही पाच तपांहून अधिक काळ थांबावे लागले; अमेरिकेतील आल्बर्ट मार्श याने निकेल व क्रोमियम यांच्या मिश्रधातूचे, म्हणजे नायक्रोमचे, पेटंट १९०६ साली मिळविले. लोखंडाची तप्त तार हवेत गंजून झडते आणि प्लॅटिनम परवडत नाही. मार्शच्या नायक्रोम तारेवर मात्र क्रोमियमच्या ऑक्साइडचा पातळ, चिवट थर जमून तो आतील धातूचे रक्षण करतो, शिवाय तिचा रोध तितक्याच लांबीजाडीच्या तांब्याच्या तारेच्या साठपटींहून अधिक. माझ्या मते शेगडीचे निम्मे श्रेय या थरालाच द्यावयास हवे.

आपल्याकडे तुटलेल्या कॉइलची टोके पिळून काम भागविण्याचा रिवाज आहे. पण तुकडा गळून तार आखूड झाली की रोध घटतो, घरातला दाब तोच राहिल्याने प्रवाह वाढतो, शेगडी पूर्वीहून अधिक तापते, आणि सांध्याच्या ढिल्या स्पर्शापाशी उष्णता साचून तार बहुधा तेथेच पुन्हा तुटते. तेव्हा कॉइल तुटली की नवीच आणावी.