दोन ओळींमधलं शिसं

डोंबिवलीत आईनं ई-रीडर चार दिवसांत बाजूला ठेवला. "ओळी अंगावर येतात रे!" वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीला टेकत होता.

मराठीची ही जुनीच अडचण. 'डिग्री' पद्धतीच्या खिळ्यांत अक्षर मधे, मात्रा-वेलांटी वर, उकार खाली, असे तीन थर जुळवत. शिवाय ओळींमध्ये शिशाची पट्टी. इंग्रजीतलं 'लेडिंग' हे नाव या शिशावरूनच पडलं. जावजी दादाजींनी १८६९ मध्ये काढलेल्या निर्णयसागरची सुबक छपाई आठवा! ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयातली, म्हणजे १८९३ पासूनच्या संस्थेतली, खिळ्यांवर छापलेली पुस्तकं वाचतच आईचे डोळे घडले.

मी सेटिंगमध्ये ओळींमधलं अंतर वाढवलं. पानं वाढली. "किती उलटायची?" असं कुरकुरत ती अकरापर्यंत वाचत होती.