दीडशे वर्षांचं झाड कोण बघणार?

शेताच्या बांधावरचा फड्या निवडुंग आणि घायपात तुम्ही पाहिलाच असेल. दोन्ही अगदी आपलेच वाटतात, पण मूळचे अमेरिका खंडातले. आज त्यांच्या मुलखात जाऊया, अॅरिझोनातल्या टूसॉन शहराला लागून असलेल्या टुमामॉक टेकडीवर.

१९०३ साली कार्नेगी इन्स्टिट्यूशनने इथे ‘डेझर्ट लॅबोरेटरी’ सुरू केली. कल्पना साधी होती: वाळवंटातली झाडं जिथे उगवतात तिथेच जाऊन बघायची. १९०६ मध्ये व्होल्नी स्पाल्डिंग यांनी टेकडीवर जमिनीचे छोटे तुकडे आखले आणि त्यांतली झाडं नकाशावर मांडायला सुरुवात केली. पुढच्याच वर्षी सुमारे ८६० एकरांना कुंपण घातलं, गुरं आत शिरू नयेत म्हणून.

या टेकडीचा हिरो म्हणजे सवारो. सिनेमातल्या वाळवंटात हात वर करून उभा असतो ना, तोच निवडुंग. पहिल्या आठेक वर्षांत तो जेमतेम इंच-दीड इंच वाढतो. फांद्या फुटायला पन्नास ते पंचाहत्तर वर्षं लागू शकतात आणि दीडशे वर्षांहून जास्त जगू शकतो. म्हणजे बघणारा रिटायर होतो आणि झाड अजून तरुणच!

१९०८ मध्ये स्पाल्डिंगनी इथल्या सवारोंची नोंद केली. मग फॉरेस्ट श्रीव्ह या तरुण शास्त्रज्ञाने मोजमाप केलं. १९१० मध्ये त्याने लिहिलं की कोवळी रोपं फार कमी आहेत, मोठी झाडं मरताहेत तेवढी भरपाई होत नाहीये. १९११ मध्ये आणखी एक गोष्ट मांडली. सवारोचा खरा शत्रू थंडी. तापमान सलग किती तास गोठणबिंदूखाली राहतं, यावर तो कुठे जगू शकतो हे ठरतं.

आता तीस वर्षं पुढे या. टूसॉनजवळ १९३३ मध्ये खास सवारोंसाठी राखीव क्षेत्र जाहीर झालं होतं, आणि तिथले महाकाय सवारो काळे पडून, सडून कोसळायला लागले. सडलेल्या भागात बॅक्टेरिया सापडला. झालं, साथ आली असं ठरलं! १९४० च्या दशकात एका पट्ट्यातले आजारी सवारो तोडून पुरण्यात आले, बाकीचे वाचावेत म्हणून.

पुढे वॉरन स्टीनबर्ग आणि चार्ल्स लो यांनी कित्येक वर्षं निरीक्षण केलं, तेव्हा चित्र उलगडलं. कडाक्याची थंडी आधी झाडाला जखमी करते, सड नंतर येते. आमच्या भाषेत सांगायचं तर बॅक्टेरिया हा एरर मेसेज होता, रूट कॉज नव्हे. आणि थंडीची नोंद तर १९११ पासून छापील पडून होती! रोपं कमी का, याचंही उत्तर होतं. कोवळा सवारो पालो व्हर्डे, मेस्कीट अशा झाडांच्या सावलीत वाढतो. ती झाडं सरपणासाठी तुटली, आणि उरलेलं गुरांनी तुडवलं.

मग श्रीव्हची मोजणी चुकली होती का? नाही. १९६४ मध्ये हेस्टिंग्ज आणि रेमंड टर्नर यांनी टुमामॉकवर सवारोंसाठी चार मोठे भाग आखून मोजणी केली. त्यानंतरही मोजण्या झाल्या. १९९८ मध्ये पिअरसन आणि टर्नर यांनी १९०८ ते १९९३, अशा ८५ वर्षांचा हिशोब मांडला. दिसलं असं की सवारोंची नवी पिढी दरवर्षी सारखी येत नाही. काही दशकांत रोपांची लाट येते, काहींत जवळजवळ शुकशुकाट. चारही उतारांची गोष्ट वेगवेगळी. श्रीव्हने पाहिला तो एक संथ काळ होता, आणि हे एका माणसाच्या नोकरीच्या वर्षांत कळणं शक्यच नव्हतं.

मधल्या काळात कार्नेगीने १९४० मध्ये लॅब सोडली, ती वनखात्याकडे गेली, नंतर अॅरिझोना विद्यापीठाकडे. मालक बदलले, पण स्पाल्डिंगच्या तुकड्यांतले काही आजही टिकून आहेत. माझ्या कामात तीन वर्षांपूर्वीचा लॉग म्हणजे पुरातन वस्तू! इथे मात्र वारलेल्या माणसाच्या वहीतलं पुढचं पान दुसरं कुणीतरी भरतं.

१९०८ साली टेकडीवर रुजलेलं एखादं रोप आज जिवंत असेल, तर त्याची कहाणी अजून बरीच बाकी आहे. मोजायला कुणीतरी लागेलच. चला, भेटू पुढच्या भागात!