शुगर ग्लायडर माणसाळवणे

शुगर ग्लायडर हा ऑस्ट्रेलिया व न्यू गिनी येथील वृक्षवासी, निशाचर आणि पोटावरील पिशवीत पिल्लू वाढवणारा (शिशुधान) सस्तन प्राणी आहे. अमेरिकेत तो पाळीव प्राणी म्हणून लोकप्रिय आहे. घरी नव्याने आलेला, भेदरलेला प्राणी पाळणाऱ्याच्या सहवासाला हळूहळू सरावतो, त्या प्रक्रियेला इंग्रजीत ‘बाँडिंग’ म्हणतात. मराठीतील ‘माणसाळवणे’ हा जुना शब्द तिला चपखल लागू पडतो.

या प्राण्याचे वजन साधारणतः १०० ते १५० ग्रॅम असते. पुढच्या व मागच्या पायांमधील त्वचेच्या पडद्याच्या आधाराने तो सुमारे ५० मीटरपर्यंत तरंगत जाऊ शकतो. त्यामुळे तो सह्याद्रीतील उडत्या खारीसारखा दिसतो. तथापि त्याचे खारींशी जवळचे नाते नाही, तो कांगारूच्या अधिक जवळचा आहे.

गंध आणि भीती

रानात शुगर ग्लायडर झाडांच्या ढोलीत लहान टोळीने राहतात. टोळीतील प्रबळ नर आपल्या डोक्यावरील व छातीवरील ग्रंथींचा गंध इतरांच्या अंगाला चोळतो. (प्रौढ नराच्या डोक्यावरील टक्कल हे या ग्रंथीचेच स्थान होय, नवखे पाळणारे ते त्वचारोग समजून घाबरतात.) आपले कोण आणि परके कोण, हे मुख्यतः या सामायिक गंधावरून ठरते. परक्या गंधाच्या प्राण्यावर टोळी हल्लाही करते. नव्या घरातील माणूस कितीही प्रेमळ असला, तरी या निकषावर तो परकाच असतो.

घाबरलेला शुगर ग्लायडर आपल्या आकाराच्या मानाने फार मोठा, करकरीत आवाज काढतो. यास ‘क्रॅबिंग’ म्हणतात. तो मागच्या पायांवर उभा राहतो, प्रसंगी झेपावून चावतो. हा स्वभावातील दुष्टपणा नसून बचाव आहे. हे ध्यानात न घेतल्याने अनेक प्राणी ‘रागीट’ ठरून काही आठवड्यांतच दुसऱ्या घरी जातात आणि तेथे भीतीचा तोच क्रम पुन्हा सुरू होतो.

पद्धती

पहिले काही दिवस प्राण्याला उंच, प्रशस्त पिंजऱ्यात शांत राहू देतात व हाताळणे टाळतात. पाळणाऱ्याने अंगाशी बाळगलेला कापडाचा तुकडा त्याच्या झोपण्याच्या झोळीत ठेवला जातो, म्हणजे माणसाचा गंध झोप आणि ऊब यांच्याशी जोडला जातो. या काळात अत्तरे व उग्र साबण टाळणे इष्ट. कापड सैल धाग्यांचे नसावे, कारण त्यात नखे अडकून पाय दुखावतो.

त्यानंतर दिवसा, प्राणी झोपेत असताना, त्याला मऊ कापडी पिशवीत घालून ती गळ्यात अडकवून वावरतात. संध्याकाळी जागा झाल्यावर लहान तंबूत किंवा बंद खोलीत पाळणारा नुसता बसून राहतो आणि प्राण्याला आपणहून अंगावर चढू देतो. बोटावरचे थोडे दही किंवा एखादी अळी यांचा येथे उपयोग होतो. स्नानगृह वापरल्यास शौचकूपाचे झाकण बंद ठेवावे लागते. त्यात पडून हे प्राणी बुडतात. घुबड हा त्यांचा नैसर्गिक शत्रू असल्याने हात वरून न नेता खालून, उघड्या तळव्याने पुढे करण्याची रीत आहे. मुठीत पकडून ठेवल्यास आधी मिळवलेला विश्वासही जातो.

या सर्वांस काही आठवडे ते अनेक महिने लागतात. प्राणी एकाएकी शांत व सुस्त झाला, तर तो माणसाळला असे मानू नये. केवळ फळांवर ठेवलेल्या शुगर ग्लायडरला कॅल्शियमची कमतरता होऊन मागचे पाय लुळे पडतात. तेव्हा पशुवैद्याकडे नेणे आवश्यक असते.

सोबतीची गरज

एकटा ठेवलेला प्राणी माणसाला अधिक लवकर लागतो, असे काही विक्रेते सांगतात. पशुवैद्यकांचा सल्ला याच्या विरुद्ध, म्हणजे किमान दोन प्राणी एकत्र ठेवावेत असा आहे. एकाकी प्राणी स्वतःचे केस उपटतो, शेपूट किंवा पाय कुरतडून गंभीर जखमाही करून घेतो. रात्रभर जागणाऱ्या प्राण्याला दिवसा जागणारा माणूस पूर्ण सोबत देऊ शकत नाही. जोडीतील नराचे खच्चीकरण केल्यास अनावश्यक प्रजनन टळते. बंदिवासातील आयुर्मान १० ते १२ वर्षे असल्याने ही जबाबदारी दीर्घकाळाची आहे.

कायदा व वर्गीकरण

अमेरिकेतील कॅलिफोर्निया व हवाई या राज्यांत हा प्राणी पाळण्यास बंदी आहे. ऑस्ट्रेलियात राज्यागणिक नियम भिन्न आहेत. पेटॉरस ब्रेविसेप्स या नावाखाली गणले जाणारे ऑस्ट्रेलियातील प्राणी २०२० मध्ये तीन जातींत विभागले गेले. अमेरिकेतील पाळीव प्राण्यांचे मूळ मात्र, जनुकीय अभ्यासानुसार, इंडोनेशियाच्या ताब्यातील न्यू गिनीच्या पश्चिम भागात आहे.