शेवटापासून शिकलेले बुद्धिबळ

मंडळाच्या स्मरणिकेसाठी काही लिहा, असा आग्रह झाला तेव्हा मी संकोचले. माझे शिक्षण सातवीपर्यंत. परंतु दोन वर्षे दुपारची आवराआवर झाली की मी मुलाचे बुद्धिबळाचे पुस्तक घेऊन बसते, त्याची हकीगत सांगते.

आमचे मामंजी संध्याकाळी माझ्याशी एक डाव मांडीत. पुढे पुढे माझे एखादे प्यादे जास्त उरू लागले. पण दोघांचा एकेक हत्ती राहिला की डाव हमखास बरोबरीत सुटे. मी म्हणे, "मामंजी, तुमचे नशीब थोर!" ते नुसते हसत.

मुलाचे पुस्तक डावाच्या अखेरीपासून सुरू होते. मला हे उफराटे वाटले. पण क्यूबाचा कपाब्लांका 1921 साली जगज्जेता झाला, त्याच वर्षी निघालेल्या त्याच्या पुस्तकाचा आरंभही हत्ती व राजा मिळून एकट्या राजाला मात कशी करावी, येथूनच आहे. पटावर तीनच मोहरी असली की प्रत्येकाचे बळ स्वच्छ दिसते. ही मात कोठूनही फार तर 16 खेळ्यांत होते म्हणे. मला पहिल्या दिवशी पोळ्यांची कणीक भिजवायची वेळ झाली तरी झाली नव्हती! माझ्या माहेरी राजा एकटा उरला की 'बुर्जी' म्हणून डाव थांबवीत, त्यामुळे पुढचे शिकण्याचा प्रसंगच आला नव्हता.

आपल्याकडे असा अभ्यास नव्हता असे मात्र भगिनींनी समजू नये. त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांचे अशा अडचणीच्या मांडण्यांचे पुस्तक 1814 साली मुंबईत इंग्रजीतून छापले गेले. तेव्हा पुण्यास पेशवाई होती.

हत्तींच्या डावांत दोन मांडण्या मुख्य. प्यादे सातव्या ओळीत, आपला राजा त्याच्या पुढे आठव्या घरात अडकलेला. अशा वेळी हत्ती चौथ्या ओळीत आणून ठेवायचा. मग राजा बाहेर पडला आणि शह बसू लागले की तोच हत्ती आड येतो आणि प्याद्याचा वजीर होतो. हिला स्पेनच्या लुसेनाचे नाव आहे. त्याचे पुस्तक 1497 सालचे, पण त्यात ही मांडणी नाहीच. ती सापडते इटलीच्या साल्व्हिओच्या 1634 सालच्या पुस्तकात. राबणारी एक आणि नाव दुसरीचे, हे आपल्याला काही नवे नाही.

दुसरी फिलिदोरची. हा फ्रान्सचा संगीतकार. त्याचे पुस्तक 1749 चे, आणि ही युक्ती त्याच्या 1777 च्या आवृत्तीत आहे. ज्याचे प्यादे कमी, त्याने राजा प्याद्याच्या वाटेत ठेवावा आणि हत्ती आपल्या बाजूने तिसऱ्या ओळीत धरून बसावे, म्हणजे समोरचा राजा पुढे येऊ शकत नाही. प्यादे त्या ओळीत आले की हत्ती थेट पटाच्या दुसऱ्या टोकाला न्यावा आणि मागून शह देत राहावे. राजाला आडोसाच उरत नाही.

हे वाचता वाचता माझा हात थांबला. तिसरी ओळ, मग एकदम दुसरे टोक, मग शहामागून शह. मामंजी हेच करीत! पुस्तक त्यांनी कधी हाती धरले नव्हते. तोवर त्यांना जाऊन वर्ष झाले होते.

आता दुपारी मी त्यांच्याच पटावर ती मांडणी लावते आणि दोन्ही बाजू स्वतःच खेळते. त्यांचा हत्ती तिसऱ्या ओळीत ठेवला की माझे जादा प्यादे अजूनही पुढे सरकून वजीर होत नाही.