ओसरीवरचे राजकारण



आपल्या मताचा माणूस ओळखणे आज अवघड राहिलेले नाही. हैदराबाद संस्थानात मात्र ते जोखमीचे काम होते. ‘गश्ती निशाण 53’ या हुकुमामुळे परवानगीवाचून सभा भरविता येत नसे. स्टेट काँग्रेसवर 1938 च्या सप्टेंबरात, तिची रीतसर स्थापना होण्याआधीच, बंदी आली आणि ती 1946 पर्यंत टिकली. म्हणून राजकारण भाषेच्या आडोशाने चाले. तेलुगू भाषकांची आंध्र महासभा आधीच उभी होती. 1937 साली परतूरला महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. हा इतिहास ग्रंथांतून आलेला आहे. परंतु परिषदेला जाणारा माणूस आधी कोठे घडत होता, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. तो घरात घडत होता, असे आपण सहज म्हणून जातो. माझ्या घरचा अनुभव इतका सरळ नाही.

आमचे घर आदिलाबाद जिल्ह्यात, बेला परिसरातले. पैनगंगेच्या अलीकडे निजामाचा अंमल, पलीकडे वऱ्हाड. तेही नावाला निजामाचेच, पण कारभार इंग्रजांचा. सोयरिकी मात्र नदी मानीत नव्हत्या. माझी थोरली आत्या यवतमाळ जिल्ह्यात दिलेली. ती माहेरपणाला आली की फराळाच्या डब्याखाली वर्तमानपत्रे असत. करोडगिरीच्या नाक्यावर बायकांची गाठोडी सहसा कोणी उलगडीत नसे, असे ती सांगे. आ. कृ. वाघमारे यांचे ‘मराठवाडा’ साप्ताहिकही असेच हस्ते-परहस्ते येई. एका नावावर बंदी आली की ते दुसऱ्या नावाने निघे. त्यामुळे वाचणाऱ्यालाही नावापेक्षा मजकुराची खूण ठेवावी लागे.

रात्री ओसरीवर वडील ते वाचून दाखवीत. कोणाचे मत काय, हे कोणी कोणाला विचारीत नसे. विचारणारा माणूसच संशयास्पद ठरण्याचे ते दिवस. वडिलांची परीक्षा वेगळी होती. वाचून झाल्यावर अंक एक रात्र आपल्या घरी ठेवून घेण्याची तयारी कोणाची आहे, एवढेच ते पाहत. झडतीत सापडलेला कागद हा पुरावा असे. मान डोलावणारे पुष्कळ होते. अंक नेणारे चौघे. त्यांत आमच्या भावकीतला एकही नव्हता. एक होते तेलुगू भाषक कापड-व्यापारी. त्यांना मराठी बोलता येई, वाचताना अडखळत. तरी अंक घडी घालून ते नेत असत.

आजोबा पटवारी. ते ओसरीवर येत नसत. “तुझे चुकते आहे. या सरकारचे अन्न आपण खातो,” असे त्यांनी वडिलांना स्वच्छ सांगितले होते. एकदा अमिनाने त्यांना विचारले, “तुमच्याकडे रात्री माणसे कशाला जमतात?” आजोबा म्हणाले, “भजनाला.” या एका शब्दावरून वडिलांनी मनाशी ठरवून टाकले की आजोबा आतून आपल्याच बाजूचे आहेत. ही समजूत दहा वर्षे टिकली. 17 सप्टेंबर 1948 नंतर वडिलांनी आनंदाने तसे बोलून दाखविले, तेव्हा आजोबा म्हणाले, “मी खोटे बोललो ते तुझ्यासाठी. स्वराज्यासाठी नव्हे.” अखेरपर्यंत त्यांचे मत बदलले नाही. स्वातंत्र्यलढ्याच्या आठवणी लिहिताना आपण अशा माणसांना सर्रास ‘मूक पाठीराखे’ म्हणून टाकतो. आजोबांना ते आवडले नसते, आणि त्यांच्या त्या एका शब्दाचे मोलही त्याने कमीच होते, असे मला वाटते.

ज्या चौघांवर वडिलांचा भरवसा होता, त्यांच्यात पुढे फाटाफूट झाली. 1955 साली राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल आला. हैदराबादचा तेलुगू भाग तूर्त वेगळे राज्य म्हणून ठेवावा, आणि आंध्रात जायचे की नाही हे 1961 च्या निवडणुकीनंतर तेथील विधानसभेने ठरवावे, अशी त्यात शिफारस होती. व्यापारीकाकांना ती मनापासून पटली. उरलेल्यांपैकी एकाला विशाल आंध्र हवा होता. वडिलांना पैनगंगा ही सीमाच नको होती. आमचा भाग महाराष्ट्रात जावा, असे ते म्हणत. निजामाविरुद्ध एकत्र जोखीम घेतलेली ही माणसे याच ओसरीवर एकमेकांवर आवाज चढवू लागली.

1 नोव्हेंबर 1956 रोजी किनवट आणि राजुरा मुंबई राज्यात गेले, नांदेड जिल्ह्यातला मुधोळ तालुका आदिलाबादेत आला, आणि आम्ही आंध्र प्रदेशाचे रहिवासी झालो. वडिलांचे म्हणणे मान्य झाले नाही, व्यापारीकाकांचेही नाही. वेगळे तेलंगण 2014 साली झाले, तेव्हा दोघेही हयात नव्हते.

त्या वर्षी दिवाळीच्या फराळाला काका आले नाहीत. पुढच्या वर्षी आले. मी तेव्हा सात वर्षांचा होतो. दोघे बराच वेळ कापसाच्या भावाबद्दल बोलत बसले होते, एवढे मला आठवते.