औषध की दारू? मोहाच्या फुलापासून टिंक्चरच्या बाटलीपर्यंत

#थ्रेड

१) नागपूर–वर्धा मार्गावरचे केळझर सिद्धिविनायकाच्या मंदिरासाठी ओळखले जाते. भीमाने बकासुराला मारले ती एकचक्रानगरी हीच, अशी स्थानिक परंपरा आहे. या परिसरात बोरचे जंगल आहे आणि जंगलात मोह. उन्हाळ्याच्या तोंडी गळणाऱ्या मोहफुलांत साखर भरपूर असते. म्हणून तेच फूल अन्न, औषध आणि मद्यही ठरले. या तिघांमधली सीमारेषा कोणी आणि कशासाठी आखली, ते आज पाहू.

२) चरकसंहितेच्या सूत्रस्थानात आसवांची नऊ उगमस्थाने आहेत: धान्य, फळ, मूळ, सार, फूल, कांड, पान, साल आणि साखर. त्यांपासून होणारी ८४ आसवे तेथे मोजली आहेत. ग्रहणीच्या विकारावर सांगितलेले मधूकासव मोहफुलांचेच. अनेक आसवांत आंबवण्यासाठी धायटीची फुले घालतात. येथे मद्यार्क औषधातच तयार होतो आणि वनस्पतींचे गुण उतरवून घेतो.

३) कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्ष नावाचा अधिकारी भेटतो. त्याच प्रकरणात मैरेय या मद्यासाठी गूळ, पिंपळी, मिरी आणि त्रिफळा यांचा उल्लेख आहे. मद्यावर राजसत्तेचे नियंत्रण होते. तरीही कुटुंबांना सण-समारंभासाठी श्वेतसुरा आणि औषधासाठी अरिष्ट घरी करण्याची मुभा होती. घरचे औषध कर्त्या राजसत्तेलाही मान्य होते.

४) टिंक्चरची रीत निराळी. त्यात तयार मद्यार्कात मुळे, साली वा मसाले भिजत ठेवतात. राळ आणि सुगंधी तेले पाण्यात नीट उतरत नाहीत, मद्यार्कात उतरतात. सुंठीचा तिखटपणा आणि वेलदोड्याचा गंध अशा अर्कात टिकतो तो त्यामुळेच.

५) याचे जिवंत उदाहरण गोव्यात आहे. फेणीत दुधशिरीची, म्हणजे अनंतमुळाची, मुळे मुरवून ‘दुकशिरी’ करतात. काजू फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले आणि २०१६ साली गोवा शासनाने फेणीला वारसा-पेयाचा दर्जा दिला.

६) इकडे मात्र कथा वेगळी घडली. इंग्रजी राजवटीला मद्य हे महसुलाचे साधन दिसले. १८७८ चा मुंबई अबकारी कायदा आला. १८९२ च्या म्हौरा कायद्याने ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत थेट मोहफुले बाळगण्यावर आणि विकण्यावर निर्बंध घातले. वर्धा ज्या मध्य प्रांतात होता, तेथे १९१५ चा अबकारी कायदा लागू झाला. परवान्यावाचून घरी मद्य गाळणे गुन्हा ठरले.

७) गांधीजी १९३६ साली सेवाग्रामला स्थिरावले. १९३८ मध्ये मध्य प्रांत व वऱ्हाडच्या काँग्रेस सरकारने दारूबंदीचा कायदा केला. ब्रिटिशांचा हेतू महसूल होता, यांचा हेतू समाजसुधारणा. पण घरातील घड्यापर्यंत पोहोचणारा हात दोन्ही वेळा सरकारचाच.

८) १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने औषधी मद्यार्कही बंधनात आणला. मुंबई राज्य विरुद्ध बलसारा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मे १९५१ मध्ये मद्यार्कयुक्त औषधे व प्रसाधने यांवरील ते निर्बंध रद्द केले. नंतर कायद्यात नवी कसोटी आली: जे मादक पेय म्हणून पिण्यास अयोग्य, त्याला सूट.

९) ही कसोटी का लागली? कारण बंदीच्या काळात बाटलीवर औषध लिहिलेले असते आणि पिणारा दारू म्हणून पितो. १९३० साली अमेरिकेत आल्याच्या अर्कात विषारी रसायन मिसळले गेले आणि हजारो लोक पांगळे झाले. २०१५ साली मुंबईच्या मालवणीत मिथेनॉलयुक्त दारूने शंभराहून अधिक बळी घेतले. कोणतीही जडीबुटी मिथेनॉलचे विष उतरवीत नाही.

१०) वर्धा जिल्ह्यात १९७० च्या दशकापासून दारूबंदी आहे. म्हणजे केळझरमध्ये आसव-अरिष्टाची बाटली औषध ठरते आणि मोहाची घरगुती धार गुन्हा. फूल एकच; फरक आहे तो हेतूचा, प्रमाणाचा आणि परवान्याचा. बंदीने किती संसार वाचवले, हे येथील स्त्रियांना विचारावे. त्याच बंदीखाली वनौषधींचे किती घरगुती ज्ञान मुके झाले, हेही विचारावे. दोन्ही उत्तरे ऐकल्यावाचून हा इतिहास पुरा होत नाही.